हँडब्रेक पुन्हा पुन्हा सैल होतोय? नटाला हात लावण्याआधी ड्रम उघडा

हँडल ओढताना दहा-बारा टक वाजतात, ते जवळजवळ उभं राहतं, आणि बेसमेंटच्या रॅम्पवर गाडी तरीही मागे सरकते. मग मधल्या कन्सोलचं कव्हर निघतं, केबलचा नट दोन फेरे आवळला जातो, हँडल चार टकांवर येतं, आणि दोन-तीन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. हे चक्र दोनदा झालं असेल तर तिसऱ्यांदा नटाला पाना लावू नका. बहुतेक वेळा केबल निर्दोष असते. दोष मागच्या ड्रममध्ये असतो आणि नट आवळल्यानं तो वाढतो.

खालचं सगळं मागे ड्रम ब्रेक असलेल्या छोट्या गाड्यांना लागू आहे: आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, सँट्रो, आय-१०, टियागो वगैरे. ओम्नी, बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत एक-दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या ओघात येतील. मागे डिस्क असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा.

नट आवळल्यानं नेमकं काय बिघडतं

चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमच्या आत दोन अर्धगोल शू असतात, आणि त्यांच्या बाहेरच्या कडेवर ड्रमला घासणारा थर म्हणजे लायनर. पायाचा ब्रेक दाबला की व्हील सिलिंडर त्यांची वरची टोकं बाहेर ढकलतो. हँडब्रेक ओढला की केबल मागच्या शूवर बसवलेली लिव्हर खेचते, ती लिव्हर दोन शूंमधल्या आडव्या पट्टीला रेटते, आणि त्या रेट्यानं दोन्ही शू फाकून ड्रमला टेकतात. याच आडव्या पट्टीवर ऑटो ॲडजस्टर असतो. लायनर झिजला की पायाचा ब्रेक दाबताना शू थोडा जास्त सरकतो, ॲडजस्टर एक दाता पुढे जातो, पट्टी तेवढी लांब होते. म्हणजे ॲडजस्टर चालू आहे तोवर लायनर आणि ड्रम यांमधलं अंतर जवळपास सारखंच राहतं आणि हँडब्रेकचे टकही वाढत नाहीत.

ॲडजस्टर गंजला किंवा धुळीनं जाम झाला की अंतर वाढायला लागतं. हँडल आणि ड्रममधली लिव्हर मिळून हाताचं बळ बरंच वाढवतात. त्याची किंमत म्हणजे शूच्या अर्ध्या मिलिमीटरसाठी हँडलवर ढोबळमानानं दोन टक जास्त मोजावे लागतात. हँडलची चाल तर मर्यादित. ती शू ड्रमपर्यंत पोचवण्यातच संपली तर दाबायला काही उरत नाही.

आता केबलचा नट आवळला की ड्रममधली लिव्हर हँडल खाली असतानाही थोडी ओढलेली राहते. शू आपल्या विसाव्याच्या जागी परत येत नाहीत. पायाचा ब्रेक दाबल्यावर पट्टी आणि शू यांच्यात ॲडजस्टरचा दाता पुढे सरकायला हवी तेवढी हालचालच होत नाही, त्यामुळे जो ॲडजस्टर कसाबसा चालत होता तोही थांबतो. पुढची सगळी झीज भरून काढायची जबाबदारी नटावर येते. काही गाड्यांत नटाचे आटे संपलेले असतात आणि मागे वॉशर किंवा जादा नट भरलेले दिसतात. ते दिसले की आत काय वाढून ठेवलंय ते समजून जा. कधी शू सतत घासत राहतो, ड्रम तापतो, ॲव्हरेज पडतं.

उघडण्याआधीच्या चाचण्या

टक मोजा. सपाटीवर, इंजिन बंद, एका हातानं साधारण २० किलो जोर लावून, झटका न देता. बऱ्याच छोट्या गाड्यांना कंपनीच्या पुस्तकात ४ ते ९ टकांच्या आतली मर्यादा असते. ५ ते ७ चांगले. पण नुसता आकडा पाहू नका, हाताला काय लागतं तेही पाहा.

टक जास्त आणि शेवटी गाडी धरते: शू-ड्रममधलं अंतर वाढलंय, म्हणजे ॲडजस्टर किंवा झिजलेला लायनर. टक कमी, हँडल कडक, तरी गाडी सरकते: लायनरवर तेल किंवा ब्रेक ऑइल आलंय, नाहीतर तो काचेसारखा गुळगुळीत झालाय. हँडल ओढताना जड, सोडल्यावरही चाक अडकून राहतं: केबल गंजलीय किंवा ड्रममधल्या लिव्हरची पिन धरलीय. हँडल ओढलेल्या जागी न राहता एक-दोन टक खाली घसरतं: हँडलखालची दात्यांची पट्टी किंवा तिच्यात अडकणारी खिट्टी झिजलीय. या शेवटच्या दोषाला ॲडजस्टमेंट नाही, हँडलचा पूर्ण सेट बदलायचा. घासून दाते तयार करणारे भेटतील. त्यांच्या नादाला लागू नका.

दुसरी चाचणी फुकट आहे आणि फार बोलकी आहे. इंजिन चालू ठेवून पायाचा ब्रेक दाबा, पेडल किती खाली जातं ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक तीन-चार टक ओढून पुन्हा दाबा. पेडल आता वरच थांबलं तर मागचे शू ड्रमपासून लांब गेलेत हे नक्की, कारण हँडब्रेकनं ते अंतर आधीच भरून काढलं.

हँडब्रेकचा लाल दिवा हँडल पूर्ण खाली असताना वळणावर किंवा ब्रेक मारताना लुकलुकत असेल तर ब्रेक ऑइलची पातळी पाहा. बऱ्याच गाड्यांत दोन्हींसाठी तोच दिवा असतो. ऑइल कमी होण्याचं कारण झिजलेले लायनर किंवा गळका व्हील सिलिंडर असू शकतं, आणि दोन्हींचा हँडब्रेकशी थेट संबंध आहे.

पहिल्या गिअरमध्ये हँडब्रेक ओढून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही चाचणी बरेच जण करतात. तिच्यात क्लच प्लेट जळते आणि बाजूनिहाय काहीच कळत नाही. त्यापेक्षा चाक उचलून हातानं फिरवणं कितीतरी चांगलं.

ड्रम उघडताना

जागा सपाट आणि टणक हवी. मागची चाकं उचलणार आणि हँडब्रेक खाली असणार, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (चाक अडवणारी पाचर) लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. ओम्नी-बोलेरोसारख्या गाड्यांत मागचं चाक फिरवायचं तर गिअर न्यूट्रल लागतो, तेव्हा गाडी फक्त उट्यांवर उभी असते. तिथं विटेचा तुकडा चालणार नाही. जॅकवर काम करायचं नाही, खाली स्टँड द्यायचेच.

आधी कन्सोल उघडून केबलचा नट पूर्ण सैल करा. बऱ्याच गाड्यांत तो १० मिमीच्या पान्याचा असतो. सैल करण्याआधी इक्वलायझर पाहून घ्या, म्हणजे जिथं एका दांड्यातून दोन केबल फुटतात ती आडवी पट्टी (काही गाड्यांत ती हँडलपाशी, काहींत गाडीखाली). ती सरळ आडवी हवी. तिरकी असेल तर दोन बाजूंच्या ड्रममध्ये किंवा केबलमध्ये फरक आहे, आणि कुठली बाजू जास्त ओढली जातेय हे तिथंच कळतं. फोटो काढून ठेवा.

ड्रम दोन प्रकारचे. मधोमध पत्र्याची टोपी आणि तिच्याखाली मोठा नट असेल तर ड्रमच्या पोटातच बेअरिंग आहे. तो नट पुन्हा बसवताना नवा वापरावा लागतो आणि टॉर्क रेंचनं पुस्तकातल्या आकड्यानुसार आवळावा लागतो. हातात टॉर्क रेंच नसेल तर एवढं काम गॅरेजकडून करून घ्या. दुसऱ्या प्रकारात ड्रम हबवर नुसता टोपीसारखा बसलेला असतो. त्याच्या तोंडावर आटे पाडलेली दोन भोकं दिसतील. त्यांत ८ मिमीचे दोन बोल्ट घालून आळीपाळीनं अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की ड्रम सरळ बाहेर येतो. थोडा येऊन अडकला तर ड्रमच्या आतल्या काठावर झिजेनं कडा तयार झालीय आणि ती शूला अडतेय. मागच्या प्लेटवरचं रबरी बूच काढून चपट्या स्क्रू ड्रायव्हरनं ॲडजस्टर मागे फिरवा, शू जवळ येतील. प्लेट आणि ड्रमच्या फटीत पहार घालून उचकटू नका. प्लेट वाकली की शू कायमचा तिरका बसतो.

आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवायची पद्धत जवळजवळ प्रत्येक गॅरेजात आहे आणि ती वाईट आहे. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्यानं भिजवून पुसा, मास्क लावा. रॉकेल, डिझेल आत नको: लायनर ते शोषतो आणि सिलिंडरचं रबर फुगतं.

आत काय बघायचं

सगळ्यात आधी, काहीही न हलवता, ती हँडब्रेकची लिव्हर बघा. तिच्यावर एक छोटा टेकू असतो, तो केबल सैल असताना शूच्या पत्र्याच्या कडेला टेकलेला हवा. नट पूर्ण सैल केल्यावरही टेकू आणि पत्रा यांच्यामध्ये फट दिसत असेल तर एकतर केबल आत अडकलीय किंवा लिव्हरची पिन गंजलीय. लिव्हर हातानं पुढे ओढून सोडा. ती ताबडतोब परत यायला हवी. केबलचं टोक लिव्हरमधून काढा आणि पुन्हा तेच करा. आता लिव्हर मोकळी झाली तर दोष केबलचा. तरीही घट्ट असेल तर पिनेवरची क्लिप काढून पिन घासायची आणि किंचित ब्रेक ग्रीस लावायचं. या एका फटीवरून निम्मं निदान होतं, म्हणून ड्रम काढल्या-काढल्या हात न लावता बघायचं.

लायनरची जाडी: चिकटवलेला असेल तर लोखंडी पत्र्यापासून, रिव्हेटवाला असेल तर रिव्हेटच्या डोक्यापासून मोजा. १ मिमी ही साधारण शेवटची मर्यादा धरतात, पण ड्रम उघडलाच आहे आणि दीड मिमी उरलाय तर बदलूनच टाका. शू नेहमी चारही एकदम. नुसता चकाकणारा लायनर ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं आडवा-तिडवा घासला की पुन्हा धरतो. तेलानं किंवा ब्रेक ऑइलनं ओला झालेला लायनर मात्र फेकायचा. धुवून, उन्हात ठेवून, जाळून तो सुधारत नाही, दोन दिवस बरा वाटतो इतकंच.

ओल कुठून आली ते शोधल्याशिवाय नवे शू घालू नका. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचला. आत जरासा ओलावा चालतो. थेंब ओघळला तर सिलिंडर बदला. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओल दाट, पिवळसर-काळी आणि गंधकाच्या वासाची असेल तर ते डिफरन्शियलचं ऑइल आहे आणि ॲक्सलचं ऑइल सील गेलंय. नवं सील काही महिन्यांत पुन्हा गळायला लागलं तर डिफरन्शियलच्या डोक्यावरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) बघा. तो चिखलानं बुजला की आत दाब तयार होतो आणि तो ऑइल सीलबाहेर ढकलतो. बोलेरो, सुमोच्या हँडब्रेकच्या तक्रारीत हा बारका ब्रीदर हमखास विसरला जातो.

ड्रमवर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा कोरलेली असते. नव्या ड्रमपेक्षा ती थोडीच जास्त असते. लेथवर टर्निंग करून घेताना लेथवाल्याला तो आकडा दाखवा. पातळ ड्रम तापला की जास्त फुगतो, आणि मोठ्या झालेल्या ड्रममध्ये नवा शू पूर्ण गोलाईवर टेकत नाही. नवे शू टाकूनही पहिले काहीशे किलोमीटर हँडब्रेक कमजोर वाटतो तो याच कारणानं. लायनर ड्रमच्या गोलाईवर बसला की पकड येते. त्या काळात नटाशी खेळू नका.

मागच्या प्लेटवर शू जिथं टेकतात तिथं उंचवट्यासारखे ठिपके असतात. तिथं खाचा पडल्या असतील तर शू खाचेत अडकून परत येत नाही. घासून सपाट करा आणि प्रत्येक ठिपक्यावर उडदाएवढं, जास्त तापमानाचं ब्रेक ग्रीस लावा. साधं चॅसिस ग्रीस पातळ होऊन लायनरवर जातं.

ॲडजस्टर: खरा गुन्हेगार

तारकाचक्र (ताऱ्यासारख्या दात्यांचं छोटं चाक) असलेला ॲडजस्टर असेल तर तो काढून पूर्ण उघडा. आटे तारेच्या ब्रशनं साफ करा, ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या, परत बसवा. चक्र दोन बोटांनी सहज फिरलं पाहिजे. चक्राचे दाते आणि त्यांना ढकलणारं पातं पाहा. पात्याचं टोक गोल झालं असेल तर ते दात्यावरून घसरतं. दातेरी पट्टीचा प्रकार असेल तर पट्टीचे दाते आणि छोटी स्प्रिंग तपासा. ती स्प्रिंग ताणून लांब झालेली असते आणि शू बदलताना बहुतेक जण जुनीच लावतात. स्प्रिंगचा संच वेगळा मिळतो, शूबरोबर तो घ्याच.

डावा आणि उजवा ॲडजस्टर वेगळे असतात. एका बाजूचे आटे उलटे. दोन्ही ड्रम एकाच वेळी उघडून भाग एका थाळीत टाकले की अदलाबदल होते, आणि मग प्रत्येक ब्रेकसरशी पट्टी लांब होण्याऐवजी आखूड होत जाते. नवे शू टाकल्यावर महिन्याभरात हँडब्रेक सैल झाला तर आधी ही शंका घ्या. टाळायचा सोपा उपाय म्हणजे एका वेळी एकच बाजू उघडणं; दुसरी बाजू नमुना म्हणून समोर राहते.

केबल

कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्यांत, किंवा पावसाळाभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाड्यांत केबल खरोखरच दोषी असते. ड्रमच्या प्लेटपाशी केबलवर रबरी टोपण असतं. ते फाटलं की पाणी बाहेरच्या नळीत शिरतं आणि आतली तार गंजून फुगते. दोन्ही टोकं सोडवून तार हातानं पुढे-मागे करा. दोन-तीन सेंटिमीटर सहज सरकली पाहिजे. खरखर लागली किंवा मध्ये अडली तर नवी घ्या, दोन्ही बाजूंना. तेल सोडल्यावर पंधरा दिवस बरं वाटतं, मग तेलाला चिकटलेली धूळ उरलेलं काम करते. सस्पेन्शन किंवा सायलेन्सरच्या कामानंतर लगेच हँडब्रेक सैल झाला असेल तर केबलची बाहेरची नळी तिच्या ब्रॅकेटमध्ये नीट बसलीय का ते पाहा. नळी खोबणीतून निसटली की हँडलची चाल नळी हलवण्यातच जाते.

जोडणी आणि सेटिंग: क्रम बदलू नका

केबलचा नट अजून सैलच आहे. ॲडजस्टर फिरवून शू इतके बाहेर आणा की ड्रम किंचित घासत बसेल. ड्रम बसवा, हँडल खाली ठेवून एकाला पायाचा ब्रेक २०-२५ वेळा पूर्ण दाबायला सांगा, दर वेळी पाय पूर्ण उचलून. तुम्ही ड्रमजवळ कान द्या. तारकाचक्रवाल्या ॲडजस्टरचा बारीक 'टिक' ऐकू येतो, पहिल्यांदा दर दाबाला, मग मध्ये-मध्ये, मग बंद. बंद झाला म्हणजे अंतर जमलं. मुळीच ऐकू आला नाही आणि पेडलही वर आलं नाही तर ॲडजस्टर चालत नाहीये, ड्रम पुन्हा काढा. दुसऱ्या बाजूलाही हेच.

यानंतरच नट. हँडल पाच-सहा वेळा जोरात ओढून सोडा, केबल आपल्या जागी बसते. मग नट अर्धा-अर्धा फेरा आवळत टक मोजत जा, ५ ते ७ वर थांबा. नट फिरवताना केबलचं टोक पकडीनं धरा, तार पिळली जाऊ देऊ नका. दोन्ही चाकं उचललेली असताना तपासणी अशी: हँडल पूर्ण खाली, चाक मोकळं फिरतं, दोन-तीन टकांवर घासायला लागतं, सहा-सातवर दोन हातांनीही फिरत नाही. दोन्ही चाकं एकाच टकाला धरायला हवीत. पहिल्याच टकाला घासत असेल तर नट जास्त झाला, एक फेरा परत. शेवटी इक्वलायझर पुन्हा बघा, आता सरळ हवा.

दहा-बारा किलोमीटर चालवून आणा आणि दोन्ही मागच्या चाकांच्या मधोमध हात जवळ न्या, टेकवू नका. एक बाजू स्पष्ट जास्त तापली असेल तर तिथला शू घासतोय. नवी केबल सुरुवातीला थोडी ताणते, ५०० ते १००० किलोमीटरनंतर टक पुन्हा मोजा. एखादा टक वाढलेला असेल तेव्हा नटाचा अर्धा फेरा योग्य आहे.

उतारावर लावताना आधी पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवा, पाय तसाच ठेवून हँडल ओढा, मग पाय सोडा, मग गिअर. बटण दाबून ओढलं तर दाते कमी झिजतात. पावसाळ्यात धुतलेली किंवा भिजलेली गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी गिअर आणि उटीवर ठेवा. ओला लायनर गंजानं ड्रमला चिकटतो आणि तो सोडवताना कधी लायनरच पत्र्यावरून उखडतो.

मागे डिस्क असेल तर

इथं दोन रचना आहेत. एकीत डिस्कच्या मधल्या वाटीत हँडब्रेकपुरते छोटे शू असतात. ते चालत्या गाडीत वापरात येत नाहीत, म्हणून झिजत कमी आणि गंजत जास्त. डिस्कच्या भोकातून तारकाचक्र फिरवून चाक अडेपर्यंत न्यायचं, मग मोकळं फिरेपर्यंत काही दाते मागे घ्यायचं, आणि त्यानंतर केबल. दुसरीत केबल थेट कॅलिपरवरची (पॅडनी डिस्क आवळणाऱ्या भागावरची) लिव्हर ओढते. हँडल खाली असताना ही लिव्हर आपल्या टेकूवर पूर्ण परत आली पाहिजे. न आल्यास केबल घट्ट आहे किंवा कॅलिपरमधला शाफ्ट गंजलाय. पॅड बदलताना अशा कॅलिपरचा पिस्टन फिरवत आत घालायचा असतो. सी-क्लॅम्पनं नुसता दाबला तर आतली ॲडजस्टर यंत्रणा मोडते आणि हँडब्रेक कायमचा जातो.

डिस्कवाल्या गाडीची आणखी एक तक्रार ऐकू येते: घाट उतरून आल्यावर हॉटेलसमोरच्या उतारावर लावली तेव्हा थांबली, चहा होईपर्यंत सरकली. यात बिघाड असेलच असं नाही. तापलेली डिस्क थंड होताना किंचित पातळ होते आणि पॅडची पकड सुटते. तापल्या ब्रेकवर गाडी लावली तर हँडल एक-दोन टक जास्त ओढा, गिअर टाका आणि चाकं रस्त्याच्या कडेकडे वळवून ठेवा. बटणाचा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल तर स्कॅनर लावून सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय मागचे पॅड काढू नका. मध्येच मोटर चालू झाली तर बोटं आत असतात.